मुंबई ते न्यूयॉर्क, मॉस्कोमार्गे

घरात पृथ्वीगोल असेल तर समोर घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर बोटानं दाबून धरा आणि दुसरं न्यूयॉर्कवर न्या. दोरा सैल आहे तोवर तो कुठूनही जाईल, अरबस्तानावरून, सहाराच्या वाळवंटावरून, अटलांटिकच्या मधोमध. आता तो हळूहळू ताणा. ताण पडेल तसा दोरा वर सरकू लागतो. वाळवंट सुटतं, भूमध्य समुद्र सुटतो, आणि पुरता ताणल्यावर तो जिथे स्थिरावतो ते पाहून पुन्हा एकदा सोडून परत ताणून बघावंसं वाटतं. मुंबईहून निघालेला दोरा कंदाहारच्या आसपासून, कझाकस्तानच्या पश्चिम भागावरून थेट मॉस्कोपाशी पोहोचतो. तिथून हेलसिंकीच्या किंचित उत्तरेनं, नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमजवळून समुद्रावर येतो, आइसलंड आरपार ओलांडतो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला जवळजवळ स्पर्श करतो आणि कॅनडातल्या लाब्राडोरवरून खाली उतरत न्यूयॉर्क गाठतो.

मुंबई ते न्यूयॉर्क ही सर्वांत जवळची वाट. लांबी सुमारे १२,५०० किलोमीटर.

मुंबई उत्तरेला १९ अक्षांशावर आहे, न्यूयॉर्क साधारण साडेचाळीसवर. पण त्यांना जोडणारी ही वाट पार पावणेपासष्ट अक्षांशापर्यंत चढते. आर्क्टिक वृत्त तिथून जेमतेम दोनशे किलोमीटर उरतं. आणखी नवलाची गोष्ट अशी, की या वाटेनं जाणाऱ्या विमानाला एकदाही वळावं लागत नाही. मुंबई सोडताना विमानाचं नाक वायव्येच्याही जरा उत्तरेकडे असतं, आइसलंडच्या अलीकडे ते नेमकं पश्चिमेला होतं आणि न्यूयॉर्कजवळ येईपर्यंत नैर्ऋत्येला झालेलं असतं. वैमानिकानं यात कुठेही वळण घेतलेलं नाही. तो सरळच चालला आहे. उत्तरेकडे जाताना रेखावृत्तं एकमेकांजवळ येत जातात, त्यामुळे एकच सरळ रेषा प्रत्येक रेखावृत्ताला वेगळ्या कोनात छेदते, आणि होकायंत्रावर दिशा बदलत गेलेली दिसते.

शाळेत भूगोलाच्या पुस्तकात बृहद्वृत्त भेटलेलं असतं आणि परीक्षेनंतर आपण ते विसरलेलो असतो. मुंबई, न्यूयॉर्क आणि पृथ्वीचं केंद्र अशा तीन बिंदूंतून पृथ्वी आरपार कापली, तर कापाची जी कड पृष्ठभागावर दिसेल ते बृहद्वृत्त. गोलावरच्या कुठल्याही दोन ठिकाणांमधला सर्वांत छोटा रस्ता नेहमी अशाच वर्तुळाचा तुकडा असतो. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे. मुंबईवरून जाणारं १९ अंशांचं अक्षवृत्त मात्र तसं नाही, कारण त्याचा मध्य पृथ्वीच्या केंद्रात नसून वर आसावर कुठेतरी आहे. म्हणून अक्षवृत्ताला धरून पश्चिमेकडे जात राहणं कागदावर कितीही सरळ दिसलं, तरी जमिनीवर ते सतत वळत राहणं असतं.

आपली नजर फसते ती सपाट नकाशामुळे. वर्गातल्या भिंतीवर बहुधा टांगलेला असतो तो नकाशा गेरार्डस मर्केटरनं १५६९ साली आखलेल्या पद्धतीचा. तो खलाशांसाठी होता आणि त्यांचं काम त्यानं चोख केलं. त्यावर दोन बंदरं रेघेनं जोडावीत, रेघेचा कोन मोजावा आणि होकायंत्र त्या कोनावर ठेवून महिनोन् महिने जहाज हाकावं. बंदर येणारच. पण कोन सांभाळायचे तर अंतरांची मोडतोड करावी लागते. ध्रुवांकडे जाल तशी जमीन त्या नकाशावर फुगत जाते. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसू लागतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. मुंबई–न्यूयॉर्क अशी सरळ रेघ या नकाशावर ओढली तर ती मदिनेजवळून, इजिप्त आणि अल्जीरियाच्या वाळवंटावरून अटलांटिकमध्ये शिरते. होकायंत्राचा एकच कोन धरून या रेघेवरून गेलं तर सुमारे १४,२०० किलोमीटर होतात. ताणलेल्या दोऱ्यापेक्षा जवळपास साडेसोळाशे किलोमीटर जास्त, म्हणजे मुंबई ते कोलकाता एवढा फेरा फुकट.

न्यू जर्सीत मुलाकडे किंवा मुलीकडे निघालेले आईवडील सीटसमोरच्या पडद्यावर विमानाची कमान पाहून हमखास विचारतात, ‘अहो, हे एवढं वर कशाला चाललंय?’ प्रश्न अगदी योग्य आहे. पडद्यावरचा नकाशा सपाट आहे, म्हणून सरळ वाट त्यावर वाकडी उमटते.

या गणितातली मला सर्वांत देखणी वाटणारी गोष्ट म्हणजे विमान आणि जहाजांचा मैल. रस्त्यावरचा मैल आणि हा मैल वेगळे. नॉटिकल मैल म्हणजे १,८५२ मीटर, आणि ही संख्या आली आहे पृथ्वीच्याच मापातून. पृथ्वीच्या केंद्रात उभं राहून पृष्ठभागावरच्या दोन ठिकाणांकडे पाहिलं आणि त्यांच्यातला कोन अंशाचा साठावा भाग भरला, तर त्यांच्यातलं अंतर एक नॉटिकल मैल. म्हणजे इथे अंतर आणि कोन ही एकच गोष्ट आहे. मुंबई आणि न्यूयॉर्कमधला कोन ११२.७ अंश. त्याला साठानं गुणलं की सुमारे ६,७६० नॉटिकल मैल. कुठल्याही दोन ठिकाणांमधला हा कोन जास्तीत जास्त किती होऊ शकेल? १८० अंश, म्हणजे साधारण २०,००० किलोमीटर. त्यापलीकडे दूर जाताच येत नाही, पुढचं प्रत्येक पाऊल घराकडे परतण्याचं असतं. मुंबईच्या बरोबर पायाखाली, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, पॅसिफिक महासागर आहे. ईस्टर बेटापासून सुमारे नऊशे किलोमीटर उत्तरेला, नुसतं पाणी.

एवढं झालं भूमितीचं. भूमितीला वारा माहीत नसतो, सरहद्द माहीत नसते, इंधनाचं वजन माहीत नसतं. विमानाला ही तिन्ही ओझी घेऊन उडावं लागतं.

मुंबईहून न्यूयॉर्कला विनाथांबा जायला सुमारे सोळा तास लागतात. परत यायला चौदा-साडेचौदा. शहरं तीच, अंतर तेच, विमानही तेच, मग हे दीड-दोन तास जातात कुठे? बहुतेकांच्या मनात पहिलं उत्तर येतं ते पृथ्वीच्या फिरण्याचं. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, विषुववृत्तावर ताशी १,६७० किलोमीटरनं, मुंबईच्या अक्षांशावर साधारण १,५८० किलोमीटरनं. पण मग पश्चिमेला निघालेल्या विमानाकडे न्यूयॉर्क आपण होऊन धावत यायला हवं आणि जाणं लवकर उरकायला हवं. घडतं नेमकं उलट. धावत्या लोकलच्या डब्यात जागच्या जागी उडी मारली तर आपण मागच्या डब्यात जाऊन पडत नाही, कारण उडी मारण्याआधीच लोकलचा वेग आपल्या अंगात असतो. विमानाचंही तसंच. धावपट्टीवर उभं असतानाच ते पृथ्वीसोबत फिरत असतं, आणि भोवतालची हवाही.

पण पृथ्वीच्या फिरण्याचा हात त्यात आहे, तो वाऱ्याच्या मार्गानं. विषुववृत्ताकडची तापलेली हवा वर चढून ध्रुवांच्या दिशेनं सरकते. तिच्या अंगात विषुववृत्ताचा वेग असतो. उत्तरेकडे मात्र अक्षवृत्तं लहान होत गेलेली, म्हणून जमीन सावकाश फिरते. साठ अंशांवर जमिनीचा वेग ताशी ८३५ किलोमीटर, विषुववृत्ताच्या निम्मा. दक्षिणेहून आलेली हवा त्या जमिनीच्या पुढे पूर्वेकडे धावू लागते. उबदार आणि गार हवा जिथे भिडतात तिथे, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, या धावेला जोर चढतो आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारे अरुंद, वेगवान पट्टे तयार होतात. हाच जेट प्रवाह. हिवाळ्यात उत्तर-दक्षिण तापमानातली तफावत वाढते, तेव्हा त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्याही वर जातो. लांब पल्ल्याची जेट विमानं नेमकी याच उंचीवर उडतात.

हा वारा सापडल्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९२०च्या दशकात जपानमधल्या तातेनोच्या वेधशाळेत वासाबुरो ओइशी हा हवामानशास्त्रज्ञ फुगे सोडायचा आणि ते कुठे वाहत जातात हे दुर्बिणीतून टिपायचा. हिवाळ्यात फुगे काही किलोमीटर वर गेले की अफाट वेगानं पूर्वेला पळायचे. ओइशीनं शेकडो वेध घेतले, वाऱ्याचे तक्ते केले आणि जगभरच्या शास्त्रज्ञांना वाचता यावं म्हणून १९२६ साली आपला अहवाल एस्पेरान्तो भाषेत छापला. जगाची समाईक भाषा व्हावी म्हणून मुद्दाम घडवलेली ही भाषा. तो तिचा मोठा पुरस्कर्ता होता. पण ती वाचणारे हवामानशास्त्रज्ञ कितीसे असणार! अहवालाकडे जपानबाहेर फारसं कुणी पाहिलंच नाही. १९४४च्या नोव्हेंबरात अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं टोकियोवर तीस हजार फुटांवर आली तेव्हा त्यांना असा वारा भेटला, की नेम धरणं अवघड झालं. ओइशीच्या देशानं मात्र याच वाऱ्यावर भिस्त ठेवून बॉम्ब बांधलेले कागदी फुगे नऊ हजारांवर संख्येनं पॅसिफिकपार अमेरिकेकडे सोडले, आणि त्यातले काही खरोखर पोहोचले. सगळ्यांना कळेल अशा भाषेत सांगायला निघालेल्या माणसाचं म्हणणं कुणापर्यंत पोहोचू नये आणि ते ज्ञान आधी युद्धाच्या कामी यावं, हे वाचून मन खट्टू होतं.

युद्धानंतर हा वारा प्रवाशांच्या कामी आला. १९५२च्या नोव्हेंबरात पॅन अॅम कंपनीच्या विमानानं टोकियोहून होनोलुलूला जाताना मुद्दाम जेट प्रवाह पकडला, आणि अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांत संपला. २०२०च्या फेब्रुवारीत अटलांटिकवर ‘किआरा’ वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचं जंबो विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीवरून मोजलेला त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेला होता. ध्वनीचा वेग मात्र त्यानं ओलांडला नव्हता. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत नेहमीसारखाच होता. ती हवाच पूर्वेला धावत होती.

जाताना गमावलेला वेळ येताना पुरता भरून निघतो का? इथे गणित जरा निष्ठुर आहे. बारा हजार पाचशे किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००. वारा नसेल तर जाऊन येऊन सुमारे २७ तास ४७ मिनिटं. आता सगळ्या वाटेवर ताशी शंभर किलोमीटरचा वारा धरा. जाताना वेग ८००, येताना १,०००. बेरीज २८ तास साडेसात मिनिटं. वीस मिनिटं गेली ती गेलीच, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं आणि साथीच्या वाऱ्यात थोडाच वेळ असतं.

म्हणून उड्डाणाआधी वाट ठरवताना नकाशाइतकंच वाऱ्याचं भाकीत पाहिलं जातं. उत्तर अटलांटिकवरचे हवाई रस्ते तर रोज नव्यानं आखतात. कॅनडातलं गँडर आणि स्कॉटलंडमधलं प्रेस्टविक इथली नियंत्रण केंद्रं युरोपहून अमेरिकेकडे जाणाऱ्यांसाठी दिवसाचे आणि अमेरिकेहून युरोपकडे येणाऱ्यांसाठी रात्रीचे असे दोन वेगळे संच जाहीर करतात. पश्चिमेला जाणाऱ्यांचे रस्ते जेट प्रवाह टाळतात, पूर्वेला येणाऱ्यांचे त्यात घुसतात. कालचा रस्ता आज नसतो.

वारा भूमितीवर मात करतो याचं उत्तम उदाहरण आपल्याच देशातलं आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे एअर इंडियाचं विमान आधी पश्चिमेकडून, युरोप आणि अटलांटिकवरून जायचं. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. २०१६च्या ऑक्टोबरात कंपनीनं तेच विमान उलट्या दिशेनं, पूर्वेकडून पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट झाली सुमारे १५,३०० किलोमीटरची. चौदाशे किलोमीटर जास्त. आणि वेळ? साडेचौदा तास, म्हणजे आधीपेक्षा सुमारे दोन तास कमी. सगळ्या वाटेवर वारा पाठीशी होता. दोन विमानतळांमधलं अंतर किलोमीटरमध्ये विचारलं तर एक वाट जवळची, तासांत विचारलं तर दुसरी.

वेळ वाचला की इंधन वाचतं. बोइंग ७७७-३००ईआर या विमानाचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन साधारण ३५१ टन आणि त्याच्या टाक्यांत मावणारं इंधन सुमारे १४५ टन. म्हणजे टाक्या भरून निघालेल्या विमानात माणसं आणि सामान हा छोटा हिस्सा असतो. हे इंधन वाहून न्यायलाही इंधन जळतं, त्यामुळे पल्ला वाढवला की खर्च त्याहून वेगानं वाढतो. निघाल्यावर विमान जड असतं, म्हणून कमी उंचीवर राहतं. इंधन जळत जाईल तसं हलकं होऊन दोन-दोन हजार फुटांच्या पायऱ्यांनी वर चढतं. खिडकीशी बसलेल्याला याचा पत्ताही लागत नाही. शिवाय दोन इंजिनांपैकी एक बंद पडलं तर ठरावीक वेळात गाठता येईल असा विमानतळ वाटेवर सतत आवाक्यात असावा लागतो. अटलांटिकच्या कडेचे केफ्लाविक, गूज बे, गँडर हे आडगावचे विमानतळ म्हणून महत्त्वाचे. तिथे उतरायची वेळ क्वचितच येते, पण त्यांच्या असण्यावर शेकडो उड्डाणांची आखणी उभी असते.

हा पल्ला एका दमात गाठायला किती वर्षं लागली पाहा. एअर इंडियाची पहिली आंतरराष्ट्रीय विमानसेवा ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचं चार पंख्यांचं कॉन्स्टेलेशन विमान, जे. आर. डी. टाटा स्वतः त्यात होते. कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत ते १० जूनला लंडनला पोहोचलं. मे १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट विमानानं लंडनमार्गे न्यूयॉर्क जोडलं गेलं. आणि मुंबई–न्यूयॉर्क विनाथांबा सेवा एअर इंडियानं सुरू केली ती २००७ साली. मधल्या जवळपास अर्ध्या शतकात कित्येक मराठी मुलं पदवीची कागदपत्रं आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन मधल्या विमानतळांवर विमान बदलत अमेरिकेत पोहोचली.

आता सरहद्दी. ताणलेला दोरा पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया यांवरून जातो, आणि प्रत्येक देशाची हद्द जमिनीवर संपत नाही, ती वर आकाशातही असते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात उतरावं लागलं. मुंबईला अरबी समुद्राची मोकळी बाजू असल्यानं झळ कमी बसली. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियानं युरोपच्या आणि अमेरिकेच्या विमान कंपन्यांना मज्जाव केला. तेव्हा फिनलंडच्या फिनएअरनं टोकियोला जायला जुनी वाट पुन्हा काढली. १९८३ साली, सोव्हिएत आकाश बंद होतं त्या काळात, हीच कंपनी हेलसिंकीहून थेट उत्तर ध्रुवावरून टोकियोला जायची. २०२२ मध्ये ती वाट पुन्हा धरल्यावर साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र मिळू लागलं, एवढंच काय ते समाधान. भूगोलानं जवळ ठेवलेली शहरं राजकारणानं अशी दूर केलेली पाहिली की मला फार वाईट वाटतं.

ध्रुवीय वाटेचा विषय निघालाच आहे तर बंगळुरूचं नाव घ्यायलाच हवं. बंगळुरू आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यातलं हवाई अंतर जवळपास १४,००० किलोमीटर. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली एअर इंडियाचं विमान या वाटेवर पहिल्यांदा उडालं. कॉकपिटमध्ये सगळ्या महिला वैमानिक होत्या आणि वाट उत्तर ध्रुवावरून गेली. एवढ्या लांबच्या या दोन शहरांना जोडणारा दोरा गोलावर ताणला, तर तो ध्रुवाच्या दिशेनंच चढतो.

अंतर झालं, वारा झाला, सरहद्दी झाल्या. राहिला सूर्य, आणि मला हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो.

दुसऱ्या महायुद्धात जपाननं सिंगापूर घेतल्यावर ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्यातली हवाई टपाल वाट तुटली. १९४३ ते १९४५ या काळात क्वांटास कंपनी ‘कॅटालिना’ या पाण्यावर उतरणाऱ्या विमानांनी पर्थहून सिलोनमधल्या कोग्गलाला जायची. साडेपाच हजारांहून जास्त किलोमीटर, खाली फक्त हिंदी महासागर. विमान इतकं संथ, की प्रवास सत्तावीस ते तेहतीस तासांचा. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून रेडिओ गप्प ठेवायचा आणि ताऱ्यांवरून वाट काढायची. एकाच उड्डाणात प्रवाशांना दोन सूर्योदय दिसायचे आणि तसं प्रमाणपत्रही त्यांना दिलं जायचं. त्याच आठवणीतून क्वांटासनं सिडनी ते लंडन या विनाथांबा उड्डाणाच्या बेताला सूर्योदयाचं नाव दिलं आहे. अंतर सुमारे १७,००० किलोमीटर, वेळ वीस तासांच्या वर. आज नियमित उडणाऱ्या विनाथांबा विमानांत सिंगापूर–न्यूयॉर्क ही वाट सर्वांत लांब, १५,३०० किलोमीटरच्या थोडी पुढे, साधारण साडेअठरा तासांची.

मुंबई–न्यूयॉर्कवर याच्या उलट गंमत घडते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रात्री दोन वाजता मुंबईच्या सहार विमानतळावरून विमान निघालं आणि ताणलेल्या दोऱ्याच्या वाटेनं सोळा तासांत पोहोचलं असं धरा. मुंबईत तेव्हा संध्याकाळचे सहा, न्यूयॉर्कमध्ये त्याच तारखेच्या सकाळचे साडेसात. घड्याळ सांगतं की साडेपाच तास झाले. पण आता प्रत्येक टप्प्यावर खालच्या गावात सूर्याच्या हिशेबानं किती वाजले असतील ते मांडून बघा. मॉस्कोजवळ पहाटेचे सव्वापाच-साडेपाच. हेलसिंकीपाशी पावणेसहा. ट्रॉनहाइमला पावणेसहा. आइसलंडच्या अलीकडे पावणेसहा. ग्रीनलंडच्या टोकाशी पावणेसहा! जवळपास सहा तास विमान उडतं आहे, साडेचार हजार किलोमीटर मागे पडले आहेत, आणि पहाट जिथल्या तिथे थांबलेली आहे. साठ अंशांच्या वर पृथ्वी ताशी आठशे-सव्वाआठशे किलोमीटरनं किंवा त्याहूनही कमी वेगानं फिरते, आणि विमान जवळपास त्याच वेगानं पश्चिमेला चाललेलं असतं. मघाशी लोकलमध्ये निरुपयोगी ठरलेलं पृथ्वीचं फिरणं इथे असं कामी येतं. हवा, जमीन, विमान सगळं सोबत फिरतं, सूर्य तेवढा या फिरण्यात सामील नाही.

डिसेंबरात त्या अक्षांशांवर सूर्य नवाच्या सुमारास उगवतो, म्हणून ती थांबलेली पहाट म्हणजे गडद रात्र. उजाडतं ते थेट अमेरिकेच्या किनाऱ्यापाशी. मुंबईत संध्याकाळी सहा-सव्वासहाला सूर्य बुडताना पाहिलेल्या माणसाला पुढचा सूर्य दिसतो तो न्यूयॉर्कला उतरताना. मधली रात्र जवळजवळ चोवीस तासांची. हेच विमान जूनमध्ये निघालं तर कझाकस्तानवरच सूर्य वर आलेला असतो, आणि मग क्षितिजाच्या जरा वर तो तासन् तास तसाच राहतो, कोवळं ऊन न वाढणारं, न ओसरणारं. परतीच्या वाटेवर गणित उलटं होतं. डिसेंबरात न्यूयॉर्कहून दुपारी बाराला निघालेलं विमान सूर्याच्या समोरून येतं. लाब्राडोरपाशीच अंधार पडतो आणि आठेक तासांत मध्य आशियावर पुन्हा दिवस उगवतो.

ज्यांना लवकरच हा प्रवास करायचा आहे त्यांना एकच सुचवेन. जाताना उजवीकडची खिडकी मागून घ्या. आकाश निरभ्र असलं आणि नशीब असलं, तर त्या लांबलेल्या हिवाळी रात्री आइसलंडच्या आसपास उत्तरेच्या क्षितिजावर ध्रुवीय प्रकाशाचे हिरवे पट्टे दिसू शकतात. वाट तेवढी वर चढते म्हणूनच ते दिसतात.